आज हे कुणाचं?

आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून मला लवकर वाचायला शिकावं लागलं. दिवेलागण झाली की ती ओट्यावरून आत यायची, भिंतीला टेकून बसायची, पदर डोक्यावर ओढायची आणि म्हणायची, "पोरी, शास्त्र काढ." बायबल हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. फळीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते जाड, काळं पुस्तक मी दोन्ही हातांनी उतरवायची. कालच्या जागी मोरपीस घातलेलं असायचं. तिथून पुढे एक अध्याय. आवडीचा नव्हे, नेमका पुढचा.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आजीच्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडात नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. त्यानंतरच्या काळात गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधली बरीच घरं ख्रिस्ती झाली, त्यांतलंच एक आमचं. मिशनची शाळा आजीच्या भावांना मिळाली. तिच्या वाट्याला शेण, सरपण आणि धाकटी भावंडं आली. त्याबद्दल तिने कुणाला बोल लावला नाही, पण मी वाचताना अडखळले की तिचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. जणू शब्द ढकलायला मदत करत होती.

ती डोळे मिटून ऐकायची. अध्याय संपला की म्हणायची, "ते मघाचं परत वाच." कुठलं मघाचं, ते मला ओळखावं लागायचं. अख्ख्या अध्यायातून तिने एखादं वाक्य उचललेलं असायचं, कधी नुसता शब्द. मग हात जोडून तोच शब्द धरून ती प्रार्थनेला लागायची. सकाळी अंगण झाडताना ते वाक्य तिच्या तोंडात असायचंच. खराट्याच्या तालावर पुटपुटत राहायची.

पुष्कळ वर्षांनी कळलं, की बायबलातल्या स्तोत्रांपैकी, म्हणजे प्रार्थनागीतांपैकी, पहिल्यात जिथे आपण 'मनन' वाचतो, तिथे मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे. त्याचा अर्थ पुटपुटणं, गुरगुरणं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, एकतिसाव्या अध्यायात सिंह भक्ष्यावर गुरगुरतो, तिथेही हाच शब्द येतो. म्हणजे मनन तोंड मिटून करायची गोष्ट नव्हेच. मराठीत रवंथ म्हणतात त्याच्या जवळचं काहीतरी आहे ते.

निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायाची संध्याकाळ मला लख्ख आठवते. इस्राएल लोक रानात भुकेले झाले, सकाळी दव सुकलं आणि जमिनीवर खवल्यांसारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. "हे काय?" असं ते एकमेकांना विचारू लागले आणि त्या "हे काय?"वरूनच त्याचं नाव मान्ना पडलं. माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, रोजच्या रोज वेचायचा. उद्यासाठी ठेवला तर किडे पडत आणि घाण सुटे. मी वाचत होते आणि आजी मध्येच डोळे उघडून म्हणाली, "मिलो."

मला कळेना. मग तिने सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, ज्वारी मिळेना, तेव्हा रेशनवर मिलो आला. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आमच्याकडची पांढरी, टपोरी ज्वारी खाल्लेल्या लोकांना ती बघवत नव्हती. पोती उघडल्यावर सगळ्या बाया म्हणाल्या, "हे काय?" आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळायची, ती अर्धी पदरात बांधून घरी पोरांसाठी आणायची. आणि रात्री मिलोची लाल भाकरी. "गिळवत नव्हती गं," ती म्हणाली. "आमी लई नावं ठिवली."

इस्राएल लोकांनीही नावं ठेवली होती. गणनेच्या पुस्तकात ते रडत म्हणतात, मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात आम्हांला, इथे या मान्न्याशिवाय दृष्टीला काही पडत नाही. तो भाग मी आजीला अजून वाचून दाखवला नव्हता. तिला तो आधीच ठाऊक होता.

त्या रात्रीची तिची प्रार्थना मला जवळजवळ शब्दशः आठवते. "बापा, मान्ना तू दिलास तसा मिलो बी तूच धाडलास. आमी तोंड वाकडं केलं, त्याची माफी कर. आज ज्याच्या चुलीवर नावडतं शिजतंय, त्याला ते गोड लागू दे. प्रभू येशूच्या नावानं मागते. आमेन." स्वतःसाठी, घरासाठी काहीच मागितलं नाही. त्या दिवशी आमच्या घरी बाजरीची भाकरी आणि पातळ पिठलं होतं, म्हणजे आमचं बरं चाललेलं होतं. तिने ते वाचन आमच्या घरात ठेवून घेतलं नाही. ज्याचं होतं त्याच्याकडे धाडून दिलं.

नाताळ जवळ आला की मत्तयचं शुभवर्तमान यायचं, आणि त्याचा पहिला अध्याय म्हणजे माझी शिक्षा. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, अशा चौदा-चौदा पिढ्या तीन वेळा. एकदा मी मधल्या पुष्कळ पिढ्या गाळून थेट योसेफावर उडी मारली. आजीने डोळे न उघडता विचारलं, "एवढ्या लौकर?"

"नुसती नावंच आहेत, आजी."

"मंग? त्यांची कुणीतरी लिवून ठिवली. आपली कुणी ठिवली? गाळू नको."

मी परत मागे गेले. तामार आली, राहाब आली, रूथ आली. मग दाविदापाशी आले. तिथे लिहिलंय, उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला. आजीने थांबवलं. "तिला नाव न्हवतं का?" मी सांगितलं, नाव होतं, बथशेबा, पण इथे नुसतं उरीयाची बायको म्हटलंय. आजी गप्प बसली. तिला स्वतःला वस्तीत कोणी नावाने हाक मारत नव्हतं. ती अमक्याची सून होती, मग तमक्याची आई झाली.

त्या रात्री तिने प्रार्थनेत नावं घेतली. तिच्या आईपासून सुरुवात केली, मग दोन मेलेल्या मुली, एक जाऊ, बाळंतपणात गेलेली एक शेजारीण, आणि कितीतरी अशा, ज्या मला फक्त कुणाच्या तरी आई किंवा बायको म्हणून ठाऊक होत्या. त्यांना नावं होती हे मला त्या रात्री कळलं. ती नावं मी इथे लिहीत नाही, ती त्यांची आहेत. पण शास्त्र वाचून प्रार्थना करायची म्हणजे काय, हे पुढे मी पुष्कळ उपदेशांतून ऐकलं, पुस्तकांतून वाचलं, आणि त्या रात्रीपेक्षा जास्त मला कुणी शिकवलं असं मला वाटत नाही.

आजी गेली, मी पुण्याला आले, नोकरी, लग्न, मुलं. वाचन सुटलं नाही, पण पातळ झालं. चर्चच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली वचनाचा संदर्भ छापलेला असतो, तेवढं बसमध्ये वाचायचं. प्रार्थना बहुतेक माझ्याच यादीची. मुलांच्या परीक्षा, घराचे हप्ते, नवऱ्याची पाठदुखी. यादी खोटी नव्हती. पण वाचलेलं एकीकडे राहायचं आणि मागितलेलं दुसरीकडे. वाचन म्हणजे जेवणाआधी हात धुतल्यासारखं झालं होतं.

मग २०२० आलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलं होतं, ते टाळेबंदीत पुढे ढकललं गेलं. आई गावाकडे भावाच्या घरी, मी पुण्यात. चर्चला कुलूप. आईला अक्षरं दिसेनात. तिने आयुष्यभर स्वतःचं स्वतः वाचलेलं, भावाच्या मुलांकडून वाचून घेणं तिला जमेना. ती मुलं घाईघाईने वाचत. मार्चच्या शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "तू आजीला वाचून दाखवायचीस तसं मला दाखव ना."

तेव्हा मी आमच्या पाळकांकडून मिळालेला एक तक्ता काढला. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ विभागलेली. ही वाटणी जुनी, इंग्लंडमध्ये १५४९ मध्ये निघालेल्या प्रार्थनेच्या पुस्तकातली. आमच्या मिशनच्या मंडळ्यांत असली पद्धत नव्हती, तिथे क्रमाने अध्याय. पण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, सहा पंथ एकत्र आले, आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, लोकांबरोबर त्यांच्या चालीरीतीही आमच्या ताटात आल्या. एक तारखेला पहिलं स्तोत्र, तीस तारखेच्या संध्याकाळी दीडशेवं. महिना एकतीस दिवसांचा असेल तर एकतीस तारखेला तीसचंच परत वाचायचं.

सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्याशी उभी राहायची. दूध तापत असायचं. वाचून झालं की आई क्षणभर थांबायची आणि विचारायची, "आज हे कुणाचं?"

पहिल्यांदा मला वाटलं ती लेखक विचारतेय. दाविदाचं, म्हटलं. "ते नव्हे गं. आज हे कुणाचं? कोण म्हणत असेल हे आत्ता?" मग आम्ही शोधायचो. तेविसावं स्तोत्र आलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. मला वाटलं, हे तर आपलं, लहानपणापासून पाठ. आई म्हणाली, "आपल्याला आज कुठं काय उणं आहे? हे ज्याला उणं पडलंय आणि तरी म्हणतोय, त्याचं." आणि ती त्याच्यासाठी प्रार्थना करायची. दोन-तीन वाक्यं, जास्त नाही. आईची प्रार्थना आजीपेक्षा आखूड होती. आजी विनवायची, आई निरोप सांगितल्यासारखं बोलायची.

अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी १३७ वं स्तोत्र येतं. हद्दपार करून नेलेले इस्राएल लोक म्हणतात, बाबेलच्या नद्यांपाशी बसून आम्ही रडलो, वाळुंजांवर वीणा टांगल्या. सुंदर आहे. शेवटच्या ओवीपर्यंत. शेवटी बाबेलला उद्देशून म्हटलंय, तुझी बालकं धरून खडकावर आपटील तो धन्य. मी तिथे थांबले.

"पुढं?" आई म्हणाली.

"संपलं."

"नाही संपलं. मला पाठ आहे. वाच."

वाचलं. मला ते तोंडातून काढताना शरम वाटत होती. आई बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "ज्यांनी स्वतःची लेकरं अशी आपटलेली पाहिली, त्यांचं आहे हे. ते देवापाशी बोलले, म्हणून लिहिलं गेलं. आपण नाही वाचलं तर त्यांनी कुठं बोलायचं?"

माझी एक वसईची कॅथलिक मैत्रीण आहे. तिच्याकडून कळलं, की त्यांच्या प्रार्थनाविधीचं १९७१ मध्ये जे नवं पुस्तक निघालं, त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही शापाची स्तोत्रं पूर्ण गाळली आणि आणखी काहींतल्या कठोर ओव्या काढल्या, १३७ मधलीही. का गाळली ते मला समजतं. सामुदायिक प्रार्थनेत ते शब्द उच्चारणं जड जातं. पण मला ते पटत नाही, आणि आईच्या त्या वाक्यानंतर तर अजिबात पटत नाही. गाळलं की ते म्हणणारा माणूसही गळतो.

८ मे २०२० हा दिवस शुक्रवार होता. आठ तारखेची सकाळची स्तोत्रं ३८, ३९, ४०. एकोणचाळिसाव्यात एक ओळ आहे, मी तुझ्यापाशी उपरा आहे, माझ्या सर्व पूर्वजांसारखा वाटसरू. आई लगेच म्हणाली, "हे रस्त्यानं चाललेत त्यांचं." त्या दिवसांत आमच्या गावावरून जाणाऱ्या हमरस्त्याने माणसं चालत होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. भाऊ रस्त्याकडेला पाण्याचा पिंप भरून ठेवायचा. भावजय आणि आई भाकऱ्या करून कागदात गुंडाळून द्यायच्या. आईला दिसत नव्हतं, पण भाकरी थापायला डोळे लागत नाहीत असं ती म्हणायची. त्या सकाळी तिने वाटेवरच्या लोकांना सुखरूप घरी ने, एवढंच मागितलं.

आम्ही ते वाचत होतो, त्याच्या तासाभरापूर्वीच तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडी गेली होती. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेने चालत आले होते, थकून रुळांवरच झोपले होते. सोळा जण गेले. आम्हांला दुपारी कळलं. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल.

संध्याकाळी मी फोन केला. मला वाचायचं नव्हतं. आठ तारखेची संध्याकाळ म्हणजे ४१, ४२, ४३. बेचाळिसाव्यात आहे, रात्रंदिवस माझे अश्रूच माझा आहार झाले आहेत. तिथवर आले आणि पुढे वाचवेना. आईने विचारलं नाही, आज हे कुणाचं. विचारायची गरज नव्हती. ती नुसती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे येऊन तिचा आवाज गेला. मी पलीकडून ते वाक्य पुरं केलं.

मूळ ग्रीकमध्ये त्या 'रोजची'च्या जागी जो शब्द आहे, 'एपिउसिओस', त्याचा नेमका अर्थ अजून विद्वानांना लागलेला नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या धर्मपंडितानेच लिहून ठेवलंय, की हा शब्द लोकांच्या बोलण्यात नाही. आजची, उद्याची, जगण्यापुरती, असे वेगवेगळे अर्थ लावतात. मराठी भाषांतरकारांनी 'रोजची' म्हटलं आणि रोटी नाही, पाव नाही, भाकर म्हटलं. त्यांनी आमच्या आजीच्या चुलीकडे बघून तो शब्द घेतला असावा असं मला नेहमी वाटतं. आणि 'माझी' नाही, 'आमची'. हे एकट्याने म्हणतानाही 'आमची'च म्हणावं लागतं. त्या सोळा जणांनी निघताना बांधून घेतलेलीही त्यात येते.

२२ तारखेच्या सकाळी १०७ वं आलं. ओसाड रानात भटकलेले, वस्तीचं गाव न सापडलेले, भुकेने आणि तहानेने जीव कासावीस झालेले. मग तुरुंगातले, मग आजारी, मग समुद्रात सापडलेले, चार प्रकारची माणसं आणि प्रत्येकाच्या शेवटी, त्यांनी संकटात परमेश्वराचा धावा केला. त्या मे महिन्यात त्या चौघांपैकी कुठलाही माणूस शोधायला आम्हांला लांब जावं लागलं नाही.

आईचं ऑपरेशन झालं, तिला छान दिसायला लागलं. मी म्हटलं, आता तुझं तू वाच. "दिसतंय गं," ती म्हणाली, "पण ऐकायची सवय लागली." त्यामुळे फोन चालू राहिला. अडीच वर्षांहून जास्त.

२८ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी आम्ही १३६, १३७, १३८ वाचली. १३८ च्या शेवटी आहे, आपल्या हातची कामं टाकून देऊ नको. मी थांबले, नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत. आई म्हणाली, "हे आज राहू दे माझ्यापाशी." इतक्या महिन्यांत तिने स्वतःसाठी ठेवून घेतलेलं ते एकच वाचन. पहाटे ती झोपेतच गेली.

तीस तारखेला सकाळी दफन झालं. संध्याकाळी सगळे पांगल्यावर मला सवयीने सात वाजता घड्याळाकडे बघावंसं वाटलं. तीस तारखेची संध्याकाळ म्हणजे १४७ ते १५०. कर्ण्याच्या नादाने त्याचं स्तवन करा, डफ घेऊन नाचत करा, झणझणणाऱ्या झांजांनी करा. मला त्या पुस्तकाचा राग आला. तक्ता करणाऱ्याचा राग आला. एवढ्या स्तोत्रांत आज नेमकं हेच? आणि उद्या एकतीस तारीख, म्हणजे उद्या परत हेच.

तरी मी मोठ्याने वाचलं, कारण आईच्या खोलीत मोठ्याने न वाचणं मला जमलं नसतं. दोन घरं सोडून एक बाळंतीण आली होती, पाच दिवसांचं पोर. दारावर नाताळचा चांदणीचा कंदील तसाच होता. आमच्याकडे मयत झालं म्हणून त्यांनी दिवे लावले नव्हते, आवाजही दबकून करत होते. वाचून संपलं तेव्हा ते पोर रडायला लागलं. आज हे कुणाचं? माझं तर नव्हतंच. मी म्हटलं, "प्रभू, हे माझ्याच्याने होत नाही. हे त्या घरचं आहे, त्यांच्या वतीने घे." आणि भावजयीला सांगून त्यांच्याकडे निरोप धाडला, की दिवा लावा.

एकतीसला रात्री एक ओळखीच्या बाई वचनांच्या कार्डांचा डबा घेऊन आल्या. आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेला जमतात आणि नव्या वर्षाचं वचन म्हणून प्रत्येक जण एक कार्ड उचलतो. मी चर्चला गेले नव्हते म्हणून त्या डबाच घरी घेऊन आल्या. त्यांची माया मी विसरणार नाही. मी उचललेलं कार्ड यिर्मया २९:११ चं होतं, हिताचे संकल्प, भावी सुस्थितीची आशा. ते त्या डब्यात नेहमीच असतं.

ही चाल कुठून आली मला ठाऊक नाही. पण जर्मनीत हेर्नहूट या गावी मोरेव्हियन पंथाचे लोक १७२८ पासून रोजचं वचन ठरवत, पुढे ती वचनं चिठ्ठ्या टाकून काढू लागले, १७३१ पासून ती छापूही लागले, आजही छापतात. तिथे एका दिवसाला एकच वचन निघतं आणि ते सगळ्यांचं असतं. आपल्या डब्यात प्रत्येकाचं वेगळं आणि सगळी गोड. विलापगीतांची सुरुवात कधी कुणाच्या हातात आली नाही. ही तक्रार मी मनापासून करते, कारण त्या कार्डांवर जगणारी माणसं मी पाहिली आहेत आणि कार्ड खोटं ठरलं की ती किती एकटी पडतात तेही पाहिलंय.

त्या रात्री मी अख्खा अध्याय उघडला. बाबेलात हद्दपार झालेल्यांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र आहे ते. तिथे घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, त्या नगराचं हित चिंता आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. अकराव्या ओवीच्या आधीची दहावी सांगते, ७० वर्षं लागतील. म्हणजे ज्यांच्यासमोर ते पत्र वाचलं गेलं, त्यांतले बहुतेक परत आलेच नसणार. आशा त्यांची नव्हती, त्यांच्या नातवंडांची होती, आणि तरी ती त्यांना वाचून दाखवली गेली. कार्ड मी तिथेच ठेवलं, आजही आहे.

जानेवारीत मी पुण्याला परतले. भेटायला येणारे थांबले, फोन थांबले. सतरा तारखेची सकाळ म्हणजे ८६, ८७, ८८. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सबंध दीडशेत वेगळं आहे. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, एखादी ओळ तरी उजेडाची येते. हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख हा आहे. आईबरोबर मी ते कितीदा वाचलं होतं. कधी आम्ही ते दवाखान्यातल्या कुणाला दिलं, कधी तुरुंगातल्या.

दूध उतू गेलं त्या दिवशी. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि मोठ्याने विचारलं, आज हे कुणाचं. उत्तर यायला वेळ लागला नाही. मी ते ठेवून घेतलं. त्या सकाळी हाच तक्ता पाळणारा कुठेतरी कुणीतरी हसतखेळत उठला असेल, त्याला हे स्तोत्र परकं वाटलं असेल, आणि तरी त्याने ते वाचलं असेल. मी तीस तारखेला झांजा वाचल्या तसं.

सध्या सातचा फोन आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना असतो. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, डोळे पूर्ण गेलेत, एकट्या राहतात. मूळच्या आमच्याच भागातल्या, बोलणं थेट आजीसारखं. सकाळचं त्यांना चालत नाही, सांधे आखडलेले असतात, म्हणून त्या दिवसाची सगळी स्तोत्रं संध्याकाळीच. गेल्या महिन्यात सतरा तारखेला ८८ वाचून झालं आणि मी थांबले.

"संपलं?"

"संपलं, मावशी."

"पुढं काय न्हाई?"

"नाही. इथंच संपतं."

"मंग ऱ्हा जरा तशीच," त्या म्हणाल्या. "फोन ठिवू नको."

मी ठेवला नाही. त्यांच्याकडे पंख्याची घरघर होती, माझ्याकडे कुकर. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरीला त्यांनी नाक ओढलं, आणि मग सावकाश, कुणाचं तरी नाव घेतलं.